बाधलेलं दूध

"सोड तिला! आधी सोड म्हणते न्हवं!"

अक्का दारातनंच ओरडल्या आणि दोन ढांगांत माझ्यापाशी आल्या. चिमीनं नुकतं कुठं तोंड लावलं होतं. अक्कांनी तिच्या गालात बोट घालून तिला माझ्या अंगावरनं सोडवलं, खांद्याला लावलं आणि पार भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. पोर किंचाळायला लागली. पदर सावरायचंसुद्धा मला सुचेना.

"अक्का, भुकेजलीया वो ती."

"भुकेजलीया तर आत्ती बाटली भरत्यात. तुझ्या अंगावरचं न्हाई. आजारी बाईचं दूध इख असतंय, वैजे. इख!"

आत्ती म्हणजे आमच्या सासूबाई, आणि अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सुलाबाई. बाई तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. मी या घरात नवरी म्हणून आले तेव्हा कांडी भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला, त्यांनीच शिकवलं. सूत तुटलं की शिवी घालायच्या आणि लगेच हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायच्या. त्या दिवशीसारखा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं, मी पुढं हात केला तर ही बाई मला खरंच मारेल.

मी मुळात भित्री. पाल चुकचुकली तरी माझं पाणी पाणी होतं, सगळी आळी मला त्यावरनं चिडवायची. तेव्हा तर अंगात धुगधुगीच काय ती उरलेली. जुलाब-उलट्यांनी दोन दिवस सरकारी दवाखान्यात सलाईनवर काढून त्याच सकाळी घरी आले होते. आणि दवाखान्यात मी एकटी नव्हते. आमच्या आळीतली निम्मी माणसं तिथं व्हरांड्यात सतरंज्यांवर पडलेली होती.

आमचं गाव मागाचं. घराघराला लागून शेड, शेडमध्ये माग, दिवसरात खटाखट खटाखट. उन्हाळ्यात नळाला पाणी चढायचं नाही. मग सगळ्यांनी एकच युक्ती केलेली, दारापुढं खड्डा खणायचा आणि नळाची तोटी खड्ड्यात खाली घ्यायची. तिथं पाणी यायचं. खड्ड्याला खेटूनच गटार, पण पाणी मिळतंय म्हटल्यावर गटाराकडं कोण बघतंय? त्या साली पाण्याला दोन-चार दिवस वास आला. आम्ही तुरटी फिरवली आणि प्यायलो. मग एकेक घर आडवं व्हायला लागलं. म्हातारी माणसं पटकी म्हणायची, पेपरवाले गॅस्ट्रो म्हणायचे.

चिमी तेव्हा अडीच महिन्यांची होती. लग्नानंतर बऱ्याच नवसांनी झालेली. वॉर्डात इतकी घाण आणि गर्दी की तिला बरोबर नेऊच दिलं नाही कुणी, ती घरी आत्तींपाशी राहिली. दवाखान्यातनं निघताना डॉक्टरीणबाई, मुजावर मॅडम, दुसऱ्या पेशंटचा हात धरून सुई शोधत होत्या. तशातच मान वळवून मला म्हणाल्या, "लहान बाळ आहे ना तुला? अंगावर पाजत राहा, थांबवू नको." हे मी घरी सांगितलं.

"तिचं काय जातंय सांगाय!" अक्का म्हणाल्या. "तिच्या घरातलं हाय व्हय लेकरू?"

आत्ती बाटली घेऊन आल्या. गाईचं दूध, त्यात निम्मं पाणी, वर खडीसाखर. दोन दिवस चिमीनं ती कशीबशी घेतली होती, पण आता मी समोर होते. तिनं बोंडाला तोंड लावलं, थू करून बाहेर काढलं, पुन्हा किंचाळली. आत्ती तिला मांडीवर आडवी करून चुचकारत राहिल्या.

"वैजे," आत्ती म्हणाल्या, "सुला बोलतीया ते खोटं न्हाई बाई. आईचं दूध बाधतंय. ह्या घरानं बघितलंय ते."

आत्ती असं म्हणाल्या आणि अक्कांनी मान खाली घातली. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. एवढंच ठाऊक होतं, की अक्कांना माझ्या लग्नाच्या खूप आधी एक मुलगा झाला होता आणि तो तान्हाच असताना गेला. पुन्हा मूल झालं नाही. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. वर्षातनं एक दिवस अक्का जेवायच्या नाहीत, आणि का, असं कुणी विचारत नसे.

दुपारी आत्तींनी बाजारातनं मोगऱ्याचे गजरे मागवले. डोक्यात घालायला नाही. आमच्याकडं बाईचं दूध आटवायचं असलं की मोगरा छातीवर बांधतात. अक्कांनी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, फुलं आत पसरली आणि माझ्या पाठीमागं गाठ मारायला लागल्या.

"लई घट्ट हुतंय, अक्का."

"हुंदे घट्ट. दोन दिवस सोस. पोर जगली तर समदं पावलं."

मी रडत होते, पण पट्टा सोडवला नाही. कारण खरं सांगू का, मलाही भीती वाटत होती. डॉक्टरीणबाई म्हणतात पाज, घर म्हणतं मारशील. माझ्याच पोटातनं तो रोग गेला होता. पोटात होता तो दुधात नसेल कशावरनं? आपल्या अंगातनं आपल्याच लेकराच्या तोंडात विष जाईल, हा विचार डोक्यात शिरला की बाहेर निघता निघत नव्हता. मोगऱ्याचा वास तोवर मला फार आवडायचा. त्या दिवसापासनं तो वास आला की मी तोंड फिरवते, अजून फिरवते.

चिमी बाटली घेईना. रडून रडून घसा बसला तिचा. माझी छाती दगडासारखी झाली, पट्टा ओला व्हायला लागला. आत्तींनी देव्हाऱ्याखालची सहाण काढली आणि गुटी उगाळायला बसल्या. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, एकेकाचे मोजून वेढे. आत्तींच्या गुटीचं आळीत मोठं नाव. बाळंतिणी आपापली पोरं घेऊन यायच्या आणि आत्ती हौसेनं चाटवायच्या. पाणी घालायला त्यांनी पितळी तांब्यातनं चार थेंब घेतले. चिमीनं तेवढी गुटी मात्र चाटली आणि जरा गप झाली.

"बघ, कशी घेतीया," आत्ती म्हणाल्या. "पोटाला आधार झाला."

तेवढ्यात माग थांबले.

आमच्या आळीत माग दोनच कारणांनी थांबतात. लाईट गेली, नाहीतर कुणी गेलं. मी वर बघितलं. बल्ब जळत होता.

आमचे हे शेडमधनं हात पुसत बाहेर आले, आळीच्या टोकाकडं गेले आणि परत आले.

"म्हेत्र्यांची नात," एवढंच म्हणाले. म्हेत्र्यांची नात चिमीहून थोडीशी मोठी. तिच्या आईला दूधच आलं नव्हतं, पोर बाटलीवर होती. पण तेव्हा त्या गोष्टीचा अर्थ कुणाच्या डोक्यात येणार? आम्हाला एवढंच दिसलं, की रोग आता लेकरांत शिरला.

आत्ती आणि अक्का म्हेत्र्यांकडं गेल्या. चिमी माझ्यापाशी. ती पुन्हा उठली. रडायला आवाज नव्हता, नुसतंच तोंड उघडायची आणि माझ्या पदराला नाक घासायची. तिला वास येत होता ना माझा. मी तिला घेऊन उठले, शेडमध्ये गेले, कांडी मशीनच्या पाठीमागं सुताच्या पोत्यांच्या आडोशाला बसले. माझ्याच घरात चोरासारखी. आई चौंडेश्वरीचं नाव घेतलं, पट्टा वर सारला, चुरगळलेली थोडी फुलं मांडीवर पडली आणि चिमीनं तोंड लावलं.

काय सांगू! घटाघटा प्यायली. एक हात माझ्या छातीवर टाकून, डोळे मिटून. मी तिच्याकडं बघत होते आणि प्रत्येक घोटाला मला वाटत होतं, आता सोडव, आता पुरे, आता मारलीस बघ तिला. पण सोडवलं नाही. पोट भरल्यावर ती आपण होऊन सुटली आणि झोपली. मी पट्टा उरलेल्या फुलांसकट खाली ओढला, पडलेली फुलं गोळा करून पोत्याखाली ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीला पहिला जुलाब झाला.

पाण्यासारखा. हिरवट. मग लगोलग दुसरा. लंगोट बदलेपर्यंत तिसरा. मी तिला पायावर घेऊन बसले होते, तशीच अक्कांना हाक मारली. अक्का धावत आल्या. त्यांनी लंगोट बघितला, चिमीच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली होती.

"वैजे." अगदी हळू म्हणाल्या. "माझ्याकडं बघ. पाजलंस?"

मी चिमीच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिले.

"पाजलंस का न्हाई?"

"एकदाच, अक्का. तुम्ही म्हेत्र्यांकडं गेलासा तवा. लई रडत हुती वो."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण अक्का मटकन खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचंच तोंड झाकलं. आत्ती देव्हाऱ्यापाशी जाऊन नारळ शोधायला लागल्या. आमचे हे रिक्षा आणायला पळाले.

रिक्षात मी, चिमी आणि अक्का. हे पुढं, रिक्षावाल्याच्या बाजूला. चिमी रडत नव्हती, तेच वाईट. पापण्या अर्धवट मिटलेल्या, ओठ सुकलेले. मी तिच्या तोंडापाशी गाल नेऊन श्वास लागतोय का बघत होते. लागला की पुढच्या वळणापर्यंत धीर, मग पुन्हा गाल न्यायचा. मी मेले तरी चालेल, असं मी त्या रिक्षात किती वेळा म्हटलं असेन, देवाला ठाऊक.

"मी मारली हिला," मी म्हणाले.

अक्कांनी माझा हात धरला. वर बघितलं तर त्यांच्या डोळ्याला धार लागलेली.

"माझाबी असाच गेला गं," त्या म्हणाल्या. "अश्याच उन्हाळ्यात. मला जुलाब लागलेलं. मला काय कळत हुतं, मी पाजत ऱ्हायले. त्यालाबी लागलं. तिसऱ्या दिशी मांडीवरच गार झाला. समदी म्हणाली, आईचं दूध बाधलं. आत्तीबी म्हणाल्या. माझी आईसुदीक म्हणाली. मीच घातलं की गं त्येला घशात. त्यो तोंड उघडायचा आनि मी घालायची." पदरानं नाक पुसलं. "तुला कशी सांगू? म्हनून वरडत हुते. तुझ्यावर ही पाळी नगं."

इतकी वर्षं एका चुलीवर भाकरी भाजली आम्ही, आणि या बाईच्या उरात हे होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. दोघींना एकमेकींशिवाय तिथं कुणी नव्हतं.

मुजावर मॅडमनी चिमीला टेबलावर घेतलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. टाळू बघितली, डोळे बघितले, इवल्या हाताला सुई लावली. सिस्टरला भराभर काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडं वळल्या.

"अंगावर पाजतेस ना?"

मी खाली बघितलं. मॅडम जवळ आल्या आणि वास घेऊन म्हणाल्या, "मोगरा? दवाखान्यात मोगरा कुठून आला?" मग त्यांच्या ध्यानात आलं. "दूध आटवायला बांधलाय? काढ तो आधी. काढ. पोरीला घे आणि पाज."

"न्हाई!" अक्का मध्ये आल्या. "मॅडम, पाया पडते तुमच्या. ते बाधलेलं दूध हाय. एकदा चोरून पाजलं तर पोरीची ही दशा झाली. आनि पाजू नगासा!"

व्हरांडा भरलेला होता. मॅडमना त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. पण अक्कांचा चेहरा बघून त्या थांबल्या. स्टूल ओढलं, बसल्या.

"बाई, ही आजारी होती तेव्हा बाळ काय घेत होतं?"

"बाटली. गाईचं दूध."

"पाणी घालून?"

"व्हय. निम्मं."

"उकळलेलं?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं.

"आणि काय देत होता?"

"दुसरं काय देनार? गुटी तेवढी. सासूबाई उगाळत्यात."

"कुठल्या पाण्यात?"

"घरच्याच की. नळाच्या."

मॅडमनी मान हलवली. "जंतू पाण्यात आहे. पाणी बाटलीत गेलं, सहाणेवर गेलं, तिथून हिच्या पोटात गेलं. काल पाजलं आणि आज जुलाब, म्हणून दुधावर आळ आला. पण तो जंतू आईच्या दुधातून येत नाही, बाई. न धुतलेल्या हातानं येतो, पाण्यानं येतो. दुधातून दुसरंच काहीतरी येतं."

"काय येतंय?" मी विचारलं.

"तुझ्या पोटात तो शिरला ना? तुझ्या आतड्यानं त्याला बघितलं, ओळखलं. आतड्याच्या अस्तरात असल्या ओळखी ठेवणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही रक्तातनं निघतात आणि पाजणाऱ्या बाईच्या छातीत जाऊन बसतात. तिथं प्रतिपिंडं तयार करतात, नेमकी त्याच जंतूवरची. ती दुधात उतरतात. बाळ ते पितं, आणि ती प्रतिपिंडं बाळाच्या आतड्याच्या बुळबुळीत थरात पसरतात. आतल्या बाजूला जशी राखण बसते. जंतू आला की त्याला चिकटतात. मग त्याला आतड्याला धरताच येत नाही. घसरतो आणि शीवाटे निघून जातो." मॅडमनी माझ्या दंडावर हात ठेवला. "ह्या रोगावरचं औषध माझ्या कपाटात नाही असं तुझ्या अंगात आहे आत्ता. आणि तू ते फुलं बांधून आटवतेस."

मला सगळं कळलं असं म्हणणार नाही. मी अक्कांकडं बघितलं. त्या भिंतीकडं बघत होत्या.

"पाजलं तर वाचंल नक्की?" मी विचारलं.

"नक्की असं मी काहीच सांगत नाही. सलाईन आहे, मीठ-साखरेचं पाणी आहे, तुझं दूध आहे. यातलं एक काढून घेतलंस तर माझा हात तेवढा कमी पडेल."

मॅडम उठून गेल्या. मी चिमीला मांडीवर घेतलं. पट्ट्याची गाठ पाठीमागं होती, घामानं आवळून बसलेली. माझी बोटं पोचेनात.

"अक्का," मी म्हणाले, "गाठ सोडा."

त्या हलल्या नाहीत.

"अक्का, मला भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय. पर सोडा."

त्या माझ्या पाठीमागं आल्या. मग मला त्यांचे दात पाठीला लागल्यासारखे वाटले, गाठ हातानं सुटेना म्हणून त्या ती दातानं सोडवत होत्या. फुलं खाली पडली, काळी पडलेली. चिमीला ओढायची ताकद नव्हती. मी बोटानं दाबून तिच्या ओठावर थेंब टाकले. एक गिळला. दुसरा गिळला. अक्का माझ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या आणि चिमीच्या गळ्याकडं बघत होत्या. घोट खाली गेला की त्यांचाही गळा हलायचा.

तो दिवस असा गेला. थेंब दूध, चमचा मीठ-साखरेचं पाणी, पुन्हा थेंब दूध. जुलाब होत होते. दर जुलाबाला आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो आणि लंगोट बदलायचो. शेजारच्या कॉटवरचं मूल घेऊन त्याचे आईबाप मोठ्या दवाखान्यात निघून गेले. बाहेर कुणीतरी हंबरडा फोडला, तेव्हा मी चिमीला इतकी घट्ट धरली की सिस्टर ओरडली. मला वाटायचं, मॅडमचं चुकलं असलं तर? घराचं खरं असलं तर? तरी पाजत होते. भ्यायलेली बाई दुसरं करणार तरी काय!

उन्हं कलायला लागली तेव्हा माझ्या मांडीला गरम लागलं. मला वाटलं, पुन्हा जुलाब. अक्कांनी लंगोट उघडला, बोटानं चाचपला, नाकाशी नेला.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "मुतली गं! वैजे, पोर मुतली!"

सकाळपासनं चिमीनं लघवी केली नव्हती आणि मॅडम सारखं तेच विचारून जात होत्या. अक्का तो ओला लंगोट हातात घेऊन व्हरांड्यात पळाल्या, माणसं ओलांडत, "मॅडम, मुतली, मुतली!" असं ओरडत. आमचे हे दाराशी बसले होते, ते रडायला लागले. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. चिमीनं डोळे उघडून माझ्याकडं कपाळाला आठ्या घालून बघितलं आणि मग खरं जोर लावून ओढायला सुरुवात केली.

दोन-तीन दिवसांत जुलाब आटोक्यात आले. निघायच्या दिवशी मॅडम शेवटचं तपासायला आल्या, तेव्हा अक्का पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा की."

"माझा पोरगा गेला. लई वर्सं झाली. असाच जुलाबानं. मी आजारी हुते आनि त्येला पाजत हुते." अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यालाबी सासूबाई गुटी द्यायच्या. घरच्या पाण्यातच."

मॅडमनी स्टेथोस्कोप गळ्यातनं काढून हातात घेतला.

"त्याला नेमकं काय झालं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या दुधानं तो गेला नाही, हे मी सांगते. तुमचं दूध शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं होतं. पुरं पडलं नाही, एवढंच."

अक्का उभ्याच होत्या.

"म्हंजी मी न्हवं?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही नव्हे."

"मी न्हवं." त्या माझ्याकडं वळल्या. "वैजे, मी न्हवं म्हंत्यात." आणि तिथंच जमिनीवर बसून लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. मी चिमीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. चिमी जन्मल्यापासनं त्यांनी तिला दहादा उचललं असेल, पण असं मांडीवर घेऊन बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

घरी येताना रिक्षात मला एकच धास्ती. आता काय होणार? अक्का जाऊन आत्तींना काय बोलणार? ज्या बाईनं "दूध बाधलं" म्हणून आयुष्यभर मान खाली घालायला लावली, तिच्याच हातची गुटी, तिच्याच तांब्यातलं पाणी. अक्कांच्या जिभेला हाड नाही, हे मला माहीत होतं. मी असते तर बोलले असते. सगळी आळी गोळा करून बोलले असते.

आत्ती उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. चिमीवरनं ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं, गालाची पापी घेतली.

"काय म्हणाली गं डॉक्टरीण?" त्यांनी विचारलं. "कशानं झालं माझ्या बाळाला?"

मी अक्कांकडं बघितलं.

अक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. आत्ती त्या तीन-चार दिवसांत वाळून गेल्या होत्या. हातात रिकामा तांब्या. मागं देव्हाऱ्यापाशी सहाण धुऊन उभी करून ठेवलेली.

"पाणी वंगाळ हाय म्हणाली," अक्का म्हणाल्या. "बाधतंय समद्यांस्नी. उकळून घ्यायचं इथनं फुडं. गुटीलाबी उकळलेलंच घ्या."

"आनि दूध?"

"दूध चांगलं हाय म्हणाली. वैजीला पाजूंदे."

एवढंच. आणि आत जाऊन त्यांनी मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

कांडी मशीनवर दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, "अक्का, का वो सांगितलं न्हाईसा आत्तींस्नी?"

त्यांनी तुटलेलं सूत शोधलं, गाठ मारली, मशीन पुन्हा चालू केलं.

"ते वझं मी उचललंय इतकी वर्सं," त्या म्हणाल्या. "किती जड असतंय ते मला ठावं हाय. म्हातारीला पेलायचं न्हाई."

चिमी आता बावीस वर्षांची आहे, माझ्याहून वीतभर उंच. आत्ती त्यानंतर पुष्कळ जगल्या. दारात येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला त्या अखेरपर्यंत ठसक्यात सांगायच्या, "माझ्या गुटीनं ह्या आळीतली पोरं वाढल्यात बाई! इचार आमच्या सुलाला!"

आणि अक्का उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या सहाणेपाशी ठेवत म्हणायच्या, "व्हय की आत्ती."